जुन्या नंबरप्लेटची रेप्लिका: लांबून झकास, जवळून ठीकठाक

ऑनलाइन मागवली, मॅसॅच्युसेट्सच्या १९०३ च्या प्लेटची रेप्लिका, भिंतीवर लावायला. निळ्या रंगावर पांढरे आकडे आणि वर बारीक अक्षरात 'मास. ऑटोमोबाइल रजिस्टर', बास, दिसायला एक नंबर! अमेरिकेत राज्याने स्वतः बनवून दिलेल्या प्लेट इथूनच सुरू झाल्या, त्याआधी न्यूयॉर्कमध्ये १९०१ पासून लोक आपल्या नावाची आद्याक्षरं चामड्यावर, लाकडावर जमेल तशी लावून फिरायचे, मजाच ना.

आता तक्रार. ओरिजिनल लोखंडावर एनॅमलची असायची, म्हणजे काचेसारखा थर भट्टीत भाजलेला, रंग वर्षानुवर्षं टिकायचा पण दगड लागला की टवका उडालाच. माझ्याकडे आलेली सरळ पत्र्यावर प्रिंट मारलेली, वर ते टवकेपण छापलेले! हात फिरवला की सगळं सपाट, भ्रमनिरास. विकणाऱ्याने फोटोखाली एनॅमल लिहिलेलं, विचारलं तर म्हणे 'एनॅमल लूक'. वा रे वा.

आकडे मात्र नीट काढलेत, जाड, सुटसुटीत. जर्मनीच्या आताच्या प्लेटवर अक्षरं मुद्दाम ओबडधोबड असतात, पी ला शेपूट जोडून आर करता येऊ नये म्हणून (मला तो फॉन्ट आवडतो, बायकोला अजिबात नाही). १९०३ मध्ये असली डोकेदुखी कोणाला होती.

पाचपैकी तीन स्टार. भोकं बरोबर जागी आहेत, स्क्रू मात्र दिले नाहीत.