जिनिंगच्या काट्यावर पिनो: दसरा ते पाडवा

आर्वीकडच्या एका जिनिंगच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. नोडवर (म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारं छोटंसं ॲप आहे. सिरीयल पोर्टवरून वजन घ्यायचं, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची, पावती छापायची. दसऱ्याला कापूस सुरू होण्याआधी त्यातले सगळे कन्सोल-लॉग (स्क्रीनवर साध्या ओळी छापणाऱ्या आज्ञा) काढून पिनो बसवलं. पिनो म्हणजे ॲपमध्ये काय घडलं त्याच्या नोंदी लिहिणारी नोडची लायब्ररी. आता पाडवा झाला, हंगाम सरला.

सगळ्यात जास्त कामी आला तो चाइल्ड लॉगर. गाडी काट्यावर चढली की पावती क्रमांक देऊन एक चाइल्ड तयार करतो. मग त्या गाडीच्या प्रत्येक नोंदीत तो क्रमांक आपोआप येतो. डिसेंबरात एक काका आदल्या दिवशीची पावती घेऊन आले. "भाऊ, माहा कापूस इतका कमी भरतच नाही. पाय ना एकडाव."

आधी तीन-तीन गाड्यांच्या ओळी एकमेकींत गुंतलेल्या असायच्या, कोणती कोणाची ते कळायचं नाही. आता प्रत्येक ओळ जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांत लिहिलेला मजकूर) असल्यामुळे जेक्यूने, म्हणजे जेसन गाळणाऱ्या छोट्या टूलने, क्रमांकावर गाळलं आणि अकरा ओळी समोर आल्या. त्यांच्या रिकाम्या ट्रॉलीचं वजन आधीच्या ट्रॉलीशी किलोपर्यंत जुळत होतं, आणि ते पोर्टवरून वाचल्याची वेळ सात मिनिटं आधीची होती. नवा आकडा आलाच नव्हता, माझ्या कोडने जुनाच धरला होता. चूक माझी होती. काकांना 1 क्विंटल 40 किलोचे पैसे मिळाले. त्या संध्याकाळी मी नीट जेवलो.

एक खोड मात्र लक्षात ठेवा. पिनोला ऑब्जेक्ट (वजनासारखी माहिती) आधी आणि संदेश नंतर द्यावा लागतो. कन्सोलच्या सवयीने उलटं लिहिलं, तर संदेश छापला जातो आणि ऑब्जेक्ट मुकाट गळून पडतो. माझे पहिले दोन आठवडे वजनाविना नोंदी झाल्या.

वेळ मुळात मिलिसेकंदांत येते. आयएसओ रूप (वाचता येईल अशी तारीख-वेळ) लावलं तर ती युटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिसते, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे. शेतकऱ्यांचे मोबाइल आणि खाते क्रमांक रिडॅक्टमध्ये टाकले, म्हणजे नोंदीत ते झाकले जातात. हे पहिल्याच दिवशी करा.

वेगासाठी असिंक लिहिणं चालू करता येतं, पण त्यात ओळी आधी मेमरीत साठतात. आमच्याकडे लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि ॲप मध्येच पडलं तर नेमक्या शेवटच्या ओळी जातात. काट्यावर दिवसाला शे-दोनशे गाड्या, तिथे एवढ्या वेगाचं काम काय? मी मूळचं सिंकच, म्हणजे ओळ तिथल्या तिथे लिहिणारं, ठेवलं आणि काँप्युटरला यूपीएस घेतला.

पिनो-प्रिटी, म्हणजे नोंदी डोळ्यांना वाचायला सोप्या करून दाखवणारं टूल, फक्त माझ्या लॅपटॉपवर वापरतो. काट्यावर कच्चं जेसनच राहू देतो. फाइल रोज नवी सुरू करायची सोय मात्र राहून गेली. एकच फाइल वाढत गेली आणि मार्चमध्ये उघडायलाही जड झाली. पुढच्या दसऱ्याआधी तेवढं करतो.