नवा कार्ब्युरेटर, जुना कार्ब्युरेटर आणि एक ओ-रिंग: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

माझी 150 सीसीची मोटरसायकल 2011 सालची आहे आणि सातारा शहरातल्या गर्दीतून मी ती रोज कामावर नेतो. त्यामुळे दिवसाचा बहुतेक प्रवास तिसऱ्या गिअरमध्ये, ताशी 25 ते 30 किलोमीटर वेगाने आणि मूठ जेमतेम एक अष्टमांश पिळून होतो. ऐंशीच्या वेगाला गाडी कशी पळते याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही. मूठ स्थिर धरल्यावर ती झटके न देता चालते का, एवढ्यावरच मी तिची पारख करतो आणि हा अनुभवही त्याच एका गोष्टीबद्दल आहे.

गेल्या गणपतीनंतर सर्व्हिसिंगमध्ये कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, उघडून साफ करण्यात आला आणि गाडी घरी आणताना पोवई नाक्यावरच झटके सुरू झाले. मूठ सोडली की सायलेन्सरमधून फटफट आवाज येई, आणि उभ्या गाडीला रेस देऊन सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच न उतरता काही क्षण वरच रेंगाळत असे. चोक ओढला की आत येणाऱ्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. अर्धा चोक ओढला की झटके थांबतात, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, हे मी सर्व्हिसिंगवाल्यांना प्रत्यक्ष दाखवले. तरीही तिसऱ्या खेपेला मला एकच उत्तर मिळाले: कार्ब्युरेटरच गेला आहे, पूर्ण बदलावा लागेल. याचा मला मनापासून राग आला, कारण सर्व्हिसिंगला देण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तोच कार्ब्युरेटर उत्तम चालत होता.

मूळ भाग परवडणारा नसल्यामुळे बाजारातला पर्यायी कार्ब्युरेटर मी 1,650 रुपयांना घेतला. पहिले दोन महिने इतके सुरळीत गेले की मी त्याची शिफारस दोघा-तिघांकडे केली. ती शिफारस मी आता मागे घेतो. डिसेंबरात थंडी वाढली तसे सकाळचे झटके परत आले. माझ्या गाडीत मिक्स्चर स्क्रू बाहेर काढला की मिश्रणात पेट्रोल वाढते. तो साडेतीन फेरे बाहेर काढला तरी इंजिनाचा वेग वाढतच होता, आणि याचा सरळ अर्थ स्लो जेट, म्हणजे कमी मुठीवर पेट्रोल सोडणारी बारीक छिद्राची नळी, लहान पडतो आहे असा होतो. मूठ इतकी कमी पिळलेली असताना मेन जेटचा, म्हणजे जास्त मुठीवर पेट्रोल देणाऱ्या मोठ्या जेटचा, संबंध जवळपास येत नाही. पेट्रोल स्लो जेटमधून आणि बायपासच्या बारीक छिद्रांतून येते. शिवाय आपल्याकडे 2025 पर्यंत बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, तर इथेनॉलला साधारण 9 पट पुरते. त्यामुळे जुन्या मापाच्या जेटने होणारे मिश्रण आता पूर्वीपेक्षा विरळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असे, पडते.

जेट बदलण्याआधी, केवळ तुलना करावी म्हणून, मी कपाटातला जुना कार्ब्युरेटर वर्तमानपत्रावर उघडला. इंजिनाच्या बाजूचा मिक्स्चर स्क्रू सोडवल्यावर स्प्रिंग आली आणि वॉशर आला, पण त्यापुढे टोकाकडे असायला हवी ती ओ-रिंग आली नाही. छिद्रात टॉर्च मारून पाहिले, दात कोरायच्या काडीने चाचपले, पण आत काही नव्हते. साफ करताना हवेचा झोत मारला गेला असणार आणि मोहरीच्या दाण्याहून किंचित मोठी ती रबरी कडी उडून गेली असणार. ती नसली की स्क्रूच्या आट्यांमधून बाहेरची हवा थेट आत ओढली जाते, मिश्रण विरळ होते आणि स्क्रू कितीही फिरवला तरी नीट फरक पडत नाही. माझ्या गाडीची सगळी लक्षणे याला तंतोतंत जुळत होती.

ओ-रिंग आणि गॅस्केटचा संच 80 रुपयांना मिळाला. जुन्या कार्ब्युरेटरमधला स्लो जेट साडेबारा नंबरचा होता, तो काढून पंधरा नंबरचा, म्हणजे थोडा मोठा, बसवला. कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या मॅनिफोल्डच्या रबराला चीर नाही हे पाहिले, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासून घेतले आणि जुनाच कार्ब्युरेटर पुन्हा चढवला. त्यानंतर गाडी दहा मिनिटे चालवून इंजिन पूर्ण गरम केले. स्क्रू अगदी हलक्या हाताने बसेपर्यंत आत घेतला, कारण जोर लावला तर त्याचे निमुळते टोक आणि आतली बैठक दोन्ही कायमची खराब होतात. तिथून दोन फेरे बाहेर काढून आयडलिंग, म्हणजे मूठ सोडलेली असतानाचा इंजिनाचा वेग, मिनिटाला 1400 फेऱ्यांवर ठेवले आणि पाव-पाव फेरा फिरवत कानाने सर्वांत चढा, एकसारखा आवाज शोधला. वेग वाढला की आयडलिंग पुन्हा 1400 वर आणायचे, असे तीनदा केले. शेवटी स्क्रू सव्वादोन फेऱ्यांवर स्थिरावला. तुमच्या गाडीचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हिशेब उलटा असतो, हे मात्र लक्षात ठेवावे. तिथे स्क्रू बाहेर काढला की मिश्रण विरळ होते.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. मूठ स्थिर धरली की गाडी एका लयीत चालते आणि चोक फक्त थंड इंजिन सुरू करताना लागतो. ॲव्हरेज पूर्वीइतकेच, 45 च्या आसपास आहे. या कामाने ते वाढेल अशी अपेक्षा ठेवू नये. पीयूसीच्या पावतीवर कार्बन मोनॉक्साइड 1.9 टक्के आले. माझ्या गाडीला मर्यादा 3.5 ची आहे, म्हणजे जेट मोठा केल्याने मिश्रण प्रमाणाबाहेर दाट झालेले नाही. महाबळेश्वरला, सुमारे 1350 मीटर उंचीवर, हवा विरळ असल्यामुळे आयडलिंग जड झाले होते. तिथे स्क्रू पाव फेरा आत घेतला आणि खाली आल्यावर पुन्हा बाहेर काढला.

नवा कार्ब्युरेटर बनावटीला वाईट नाही, परंतु मला त्याची गरजच नव्हती आणि ते 1,650 रुपये वाचले असते. आता सर्व्हिसिंगला कार्ब्युरेटर उघडायचा असेल तर मी समोर उभा राहतो आणि स्क्रूबरोबर ती काळी रिंग बाहेर आलेली दिसली की मगच पुढे हवा मारू देतो.