प्रायमरीच्या बाजारात पैसे लावून पाहिले

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची पक्षाची उमेदवारी कोणाला मिळणार यावर पैसे लावायचं ॲप मी 2024 च्या हंगामापासून वापरतोय. ही उमेदवारी ठरवणाऱ्या निवडणुकीला प्रायमरी म्हणतात. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण खालचं बरंचसं या जातीच्या बहुतेक ॲपना लागू आहे.

व्यवहार सोपा. एखाद्या उमेदवाराचा 'हो', म्हणजे तो जिंकणार यावरचा सौदा, 62 सेंटला मिळतो, तो जिंकला तर डॉलर, हरला तर शून्य. खातं उघडणं, बँक जोडणं, पैसे काढणं, सगळं सुरळीत. माझी कुरकूर आहे ती भावाबद्दल. राष्ट्राध्यक्षपदाच्या बाजारात कोट्यवधी डॉलर फिरतात, तिथल्या भावाला काही अर्थ असतो. एका मतदारसंघाच्या प्रायमरीत गिऱ्हाईकच नसतं. स्क्रीनवरचे 62 म्हणजे कुणातरी एकाचा शेवटचा सौदा. विकायला जा, घेणारा 54 देतो. घ्यायला जा, विकणारा 67 मागतो. दोनशे डॉलर टाकले की भाव आपणच हलवलेला असतो, आणि संध्याकाळी कुणीतरी 'बाजाराचा कल बदलला' म्हणून पोस्ट टाकतं.

त्याहून महत्त्वाचे नियम. प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. मिशिगनमध्ये सर्वाधिक मतं मिळाली की उमेदवारी खिशात. टेक्ससमध्ये निम्म्याहून जास्त मतं लागतात, नाहीतर दोघांत दुसरी फेरी. कॅलिफोर्नियात तर पक्षाची अशी प्रायमरीच नाही, पहिले दोघे पुढे जातात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात. टेक्ससच्या 23 व्या मतदारसंघात मार्च 2024 मध्ये खासदार टोनी गोंझालेस 45 टक्के मतं घेऊन पहिले आले. समोर बंदुकांचे व्हिडिओ करणारा यूट्यूबर ब्रँडन हरेरा, चोवीस-पंचवीस टक्क्यांवर. कुणालाही वाटेल, झालं काम. मे महिन्यातल्या दुसऱ्या फेरीत गोंझालेस जेमतेम साडेतीनशेच्या आसपास मतांनी वाचले. म्हणून बाजार 'पहिला कोण' विचारतोय की 'उमेदवार कोण', हे वाचल्याशिवाय पैसे लावू नका.

निकाल लागला की पैसे मिळतात, असंही नाही. व्हर्जिनियाच्या पाचव्या मतदारसंघात बॉब गुड विरुद्ध जॉन मॅग्वायर हे मतदान 18 जून 2024 ला झालं, फेरमोजणी संपली 1 ऑगस्टला. मॅग्वायर 370 मतांनी जिंकले. अशा वेळी जिंकणारेही तोवर ताटकळत बसतात.

मग विद्यमान खासदारावर 95 सेंट लावून निवांत बसावं का? 2024 मध्ये फक्त चार विद्यमान खासदार प्रायमरीत हरले, त्यातले एक तर दुसऱ्या विद्यमान खासदाराकडूनच. तरी मी तो मार्ग सोडला. पाच सेंटसाठी पैसे महिनोन् महिने अडकतात आणि एक बोमन सगळं धुऊन नेतो. त्या वर्षी खासदार जमाल बोमन यांच्या विरोधात न्यूयॉर्कमध्ये जाहिरातींचा जो पूर आला, त्यानंतर ते जॉर्ज लॅटिमर यांच्याकडून मोठ्या फरकाने हरले.

आपल्या लोकांसाठी वेगळा इशारा. डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार बेळगावात वाढलेले, त्यामुळे इथल्या मराठी ग्रुपवर 'आपला माणूस येणारच' हा सूर ठरलेला. पण 2022 मध्ये ते नऊ जणांच्या गर्दीत सुमारे 28 टक्के मतांवर प्रायमरी जिंकले. 28 टक्क्यांवर उमेदवारी मिळते तिथे जातभाईपणाने भाव ठरवू नये. आपली मतं डेट्रॉइटमध्ये किती, हे आधी बघा.

आवडलं ते असं: पैसे लावायचे म्हणून मी स्थानिक वर्तमानपत्रं, उमेदवारांच्या निधीचे तिमाही अहवाल आणि उमेदवारीसाठी लागणाऱ्या मतदारांच्या सह्या कमी पडून कोण बाद झालं, हे वाचू लागलो. 2024 मध्ये ठाणेदारांचे प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर असेच बाद झाले. भाव एकदम हलला की आता मी आधी बातमी शोधतो. ॲपचा खरा उपयोग मला एवढाच दिसतो. पाचपैकी अडीच तारे, तेही बातमीसाठी.

ऑर्डर नेहमी स्वतःचा भाव घालून टाका, 'लगेच खरेदी'चं बटण विसरा. आणि पुण्याहून लिंक मागणाऱ्यांनो, 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर तिकडे पैसे लावायचे खेळ बंद आहेत, अशाच पैसे लावायच्या प्रोबो या भारतीय ॲपनेही गाशा गुंडाळला. लिंक मिळणार नाही.