थंब मशीन आठ महिने वापरल्यावर

ऑक्टोबरात आधारसाठी बोटाचा ठसा घेणारं जुनं एल० प्रकारचं मशीन काढून एल१ प्रकारचं घेतलं. निफाड तालुक्यात माझं छोटं सेवा केंद्र आहे. त्याच टेबलावर बँकेचं बीसीचं, म्हणजे बँकेच्या वतीनं पैसे देण्या-घेण्याचं काम चालतं. पैसे काढणं, पीएम किसानची ई-केवायसी (ओळख पडताळणी), पेन्शनरांचे हयातीचे दाखले, सगळं या एका काचेवर.

तरुण माणसानं बोट ठेवलं की दोन-तीन सेकंदांत काम होतं. एल१ मध्ये ठसा मशीनच्या आतच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही अशा खुणांत बदलतो. एल० मध्ये ते काम कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर करायचं. लोकांच्या कष्टाचा पैसा या टेबलावरून जातो, म्हणून मला हा फरक फार मोठा वाटतो.

अडचण सुरू झाली कांदा काढणीला. पात कापून कापून बायकांची बोटं काळी पडतात, चिरतात. काचेखालच्या प्रकाशात बोटावरच्या रेषा नीट टेकल्या तरच ठसा उमटतो. बोट कोरडं असलं की ठसा तुटक येतो, ओलं असलं की रेषा एकमेकींत मिसळतात.

मार्चमध्ये एक आजी श्रावणबाळचे पैसे काढायला आल्या. दोन्ही अंगठे चार-चार वेळा लावले, लागेनात. "बाई, झिजला गं माझा अंगठा," म्हणत उठायलाच लागल्या. त्यांना बसवलं. ओल्या फडक्यानं एकेक बोट पुसलं, मग कोरडं केलं, काचही पुसली. डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्याच झटक्यात लागलं! आधारला दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, कुठलंही चालतं. पण "थंब" म्हणून म्हणून लोकांना अंगठाच माहीत. पासबुकाच्या मागे पेन्सिलनं लिहून दिलं. पुढच्या महिन्यात आजींनी न विचारता तेच बोट पुढे केलं.

एक मात्र कळकळीनं सांगते. आधारची सुरुवात आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी झाली. सुरुवातीच्या वर्षांत ठसे दिलेल्यांचे हात तेव्हापासून राबतायत. बोटं सारखी नापास होत असतील, तर आधार केंद्रात जाऊन बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, म्हणजे ठसे नव्यानं द्या. आमच्याकडे तसे पाठवलेल्या बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला.

हयातीच्या दाखल्यासाठी मात्र आता मी बोटाऐवजी मोबाईलवर चेहऱ्याची ओळखच आधी वापरते. २०२१ पासून ही सोय आहे. मोबाईलमध्ये चेहरा ओळखणारं आधार फेस आरडी आणि दाखला काढायचं जीवन प्रमाण, अशी दोन ॲप लागतात. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांचं एकही बोट लागत नव्हतं. खिडकीकडे तोंड करून बसवलं, चष्मा काढला, डोळ्यांची उघडझाप केली, झालं. ट्यूबलाइट पाठीमागे असली तर मात्र वैताग येतो. आणि ईपीएस-९५ वाल्यांनी, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन घेणाऱ्यांनी, नोव्हेंबरच्या गर्दीत येऊ नये. त्यांचा दाखला वर्षात कधीही काढता येतो आणि काढल्यापासून वर्षभर चालतो.

मशीनबद्दल तक्रारी दोन. दारातून ऊन थेट काचेवर आलं की ठसा घेत नाही, टेबल फिरवावं लागलं. आणि पाचव्या महिन्यात केबलची पिन ढिली झाली. दुरुस्तीला बारा दिवस गेले, तेवढे दिवस लोक परत गेले. मशीन घ्याल तर दुसऱ्या केबलचं त्याच दिवशी विचारा.

ज्यांना थंबनं पैसे काढायचेच नसतात, त्यांना मी आधारच्या मोबाईल ॲपवर बायोमेट्रिक लॉक करून देते, म्हणजे त्यांचे ठसे कुठे चालत नाहीत. गरज पडली की तिथूनच उघडता येतं.