चार पायांची काठी: कुणी घ्यावी, कुणी नाही

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून सौम्य झटका आला आणि पेशंट घरी परतला, की सर्जिकलच्या दुकानातून बहुतेक वेळा पहिली खरेदी हीच होते. अॅल्युमिनियमची नळी, वर मूठ, खाली चार पाय, उंची बदलायला बटण आणि भोकं. किंमत हजाराच्या आगेमागे. वस्तू चांगली आहे. पण सौम्य झटक्यातल्या बऱ्याच जणांना तिची गरज नसते, आणि ज्यांना असते त्यांच्याकडे ती अनेकदा नको त्या हातात आणि नको त्या उंचीला दिसते.

आधी उंची. घरात नेहमी वापरता त्या चपला घालून सरळ उभं राहा, हात सैल सोडा. मनगटाला जिथे घडी पडते तिथे मूठ यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर 20 ते 30 अंश वाकलेला राहतो. भोकं साधारण इंचभर अंतरावर असल्यामुळे माप नेमकं बसत नाही. दोन भोकांच्या मध्ये अडकलात तर काठी बुटकी होईल ते घ्या. उंच काठीने खांदा वर चढतो आणि संध्याकाळी मान धरते. बटण भोकातून पूर्ण बाहेर आलंय का, हे बोटाने चाचपून बघा. अर्धवट अडकलेलं बटण वजन पडताच आत जातं. नळीच्या जोडावर आवळायची रिंग असेल तर तीही घट्ट पिळा, नाहीतर काठी खुळखुळते.

काठी धरायची चांगल्या बाजूच्या हातात. उजवा पाय दुबळा, तर काठी डाव्या हातात. घरच्यांना हे उलटं वाटतं आणि ते प्रेमाने काठी दुबळ्या हातात कोंबतात. खाली बघा: दोन पाय सरळ रेषेत असतात, दोन बाहेर पसरलेले. सरळ बाजू आपल्या पायाकडे हवी, नाहीतर पसरलेल्या पायांत स्वतःचंच पाऊल अडकतं. तशी नसेल तर बटण दाबून खालचा भाग अर्धा फेरा फिरवायचा. चालताना क्रम असा: काठी, दुबळा पाय, मग चांगला पाय.

आता तिचा खरा दोष. चारही पाय एकदम जमिनीला टेकले तरच ती स्थिर. चालण्याचा वेग वाढला की दोनच टेकतात आणि काठी पुढे डुलते. म्हणजे पेशंट जितका सुधारतो तितकी ती गैरसोयीची होत जाते. ज्यांचा उभं राहतानाच तोल जातो, त्यांना सुरुवातीला ती जरूर द्यावी. घरात बिनधोक फिरू लागले की फिजिओला विचारून साध्या एकपायी काठीवर यावं. घेतानाच लहान तळाची घ्या. मोठा तळ अरुंद जिन्याच्या पायरीवर मावत नाही, आडवा धरावा लागतो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुबळा पाय आधी. कठडा असेल तर चांगल्या हातात तोच धरा, काठी मागून कुणीतरी आणेल. खुर्चीतून उठताना काठीवर ओढ घ्यायची नाही, खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा.

पाऊल लोंबत असेल तर ही काठी काही करत नाही. दुबळ्या बाजूच्या चपलेचं पुढचं टोक झिजलंय का बघा. झिजलं असेल तर पाऊल घासतंय, आणि ते थकव्याने संध्याकाळी जास्त घासतं. तिथे घोट्याचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल वर धरून ठेवणारा आधार लागतो, तो फिजिओकडून मापानेच घ्यावा. सोबत मागच्या पट्ट्याची सँडल. हवाई चप्पल बंद. आणि बरी चाललेली चाल अचानक बिघडली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर काठीत दोष शोधत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे लगेच हॉस्पिटल गाठा.

साठी ओलांडलेल्या गरजू लोकांना राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरांत अशा काठ्या मोफत मिळतात, तेव्हा खरेदीआधी चौकशी करा.

बुडाची रबरं दर महिन्याला उलटी करून बघत जा. नक्षी गुळगुळीत झाली की ओल्या फरशीवर काठी सरकते. रबरं सुटी मिळतात, चारही एकदम बदला. एकच नवं घातलं तर काठी लंगडते. बाथरूममध्ये मात्र भिंतीला पक्का बसवलेला दांडाच हवा.