कॉन्टॅक्टरचे पॉइंट: सिल्व्हर-कॅडमियम की सिल्व्हर-टिन?

कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरसारखा मोठा भार चालू-बंद करणारा, विजेवर चालणारा स्विच; त्यात एकमेकांना टेकून करंट जोडणारे धातूचे तुकडे म्हणजे पॉइंट. शुद्ध चांदी वीज उत्तम वाहून नेते, पण मोटर सुरू होतानाच्या सहा-सातपट करंटला तिचे पॉइंट एकमेकांना चिकटतात. म्हणून चांदीत ऑक्साइड मिसळतात.

जुना भिडू कॅडमियम ऑक्साइड. आर्कच्या (पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये उडणाऱ्या विजेच्या ठिणगीच्या) उष्णतेने त्याचं विघटन होतं, आर्क विझायला मदत होते आणि पृष्ठभाग बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. पॉइंट कमी तापतात. अडचण एकच, पण मोठी: कॅडमियम विषारी. असे पॉइंट कानशीने घासू नका, ती पूड नाकात जाते. (आणि घासायचे कशाला? नुसते काळे पडलेले चांदीचे पॉइंट बहुतेकदा छान चालतात.)

टिन ऑक्साइड उष्णतेला जास्त टिकतो. दिवे, कपॅसिटर, म्हणजे चालू करतानाच जिथे पॉइंटना जास्त करंटचा झटका बसतो, तिथे मी डोळे झाकून हाच घेईन. मात्र तो पृष्ठभागावर साचतो आणि पॉइंट तापतात. त्यावर उपाय म्हणून थोडं बिस्मथ किंवा टंगस्टन ऑक्साइड घालतात.

जोडताना दोघांचं रडगाणं सारखंच. ऑक्साइडवर ब्रेझिंगचा (म्हणजे दोन तुकडे जोडायला वितळवून ओतलेला) धातू नीट पसरत नाही, त्यामुळे पॉइंटच्या पाठीला शुद्ध चांदीचा पातळ थर द्यावा लागतो. छोट्या रिलेत (कॉन्टॅक्टरच्याच लहान भावात) तांब्याच्या दांड्याचा रिव्हेट ठोकला की भागतं.