एलिव्हेशन की छज्जा? गावात घर बांधणाऱ्यांसाठी

वर्धा-यवतमाळकडच्या गावांत घर काढलं की मिस्त्री मोबाइलवर एलिव्हेशनचे, म्हणजे दर्शनी भागाचे, दोन नमुने दाखवतो. एकात गोल खांब, पीओपीची नक्षी, समोर चकचकीत टाइल्स. दुसरा 'मॉडर्न': सपाट चौकोन, मोठ्या काचा, छज्जा एकही नाही. पहिला शोभेचा आणि दुसरा उपयोगाचा, असं समजून निवडू नका. आपल्या उन्हात दुसराही निव्वळ देखावाच आहे.

नक्षीविरुद्धची बाजू व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस याने १९१०च्या सुमारास फार जोरात मांडली. तिथल्या चौकात त्याने बांधलेल्या इमारतीच्या खिडक्यांवर कसलीच सजावट नव्हती, म्हणून लोक तिला 'भुवया नसलेलं घर' म्हणत. व्हिएन्नाच्या थंड हवेत ते चालून जातं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. इथे खिडकीची भुवई म्हणजे छज्जा. तो गाळला की उन्हाळ्यात ऊन आत, आणि जुलैत झड लागली की पाणी थेट दिवाणावर.

पैसा आधी घराच्या पायात घाला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ राहिला तर महागातल्या टाइल्सनाही चीर जाते. त्यानंतर स्लॅब. आपल्याकडे उन्हाळ्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, त्यामुळे भिंतींपेक्षा छत जास्त तापतं. वर दरवर्षी चुना मारला तरी फरक पडतो. पश्चिमेचं ऊन मात्र तिरपं येतं, तिथे छज्जा पुरत नाही. त्या बाजूला ओसरीच हवी. हंगामात कापूस-तुरीलाही तीच कामी येते.

मग शोभा नकोच का? हवी, नक्की हवी. सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू आणि कवेलूंची. याहून साधं घर काय असणार? तरी तिच्या भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतूनच झाडं आणि चरखा उठवलाय. भिंतीचीच माती, भिंतीचीच शोभा. मला ही सजावट पीओपीच्या कुठल्याही नक्षीपेक्षा मोलाची वाटते.

रस्त्यावर दुकान काढायचं असेल तर दर्शनी भागावर खर्च करा, गिऱ्हाईक तेच बघतं. राहायचंच घर असेल आणि हात आखडता असेल, तर एलिव्हेशन सोडा, छज्जा दोन फुटांचा करा. थोडे पैसे उरले तर ओसरीच्या पश्चिमेला सिमेंटची जाळी बसवा: ऊन तुटतं, वारा येतो आणि दिसतेही देखणी. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेजवळ, बोटभर खाच मात्र मिस्त्रीकडून आठवणीने सोडवून घ्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, भिंतीकडे ओघळणार नाही.